मुठीचा भात

ढोल वाजला तरी मथुरेच्या पडवीतला बल्ब चालूच होता.

गावात तोवर नुसती धांदल उडाली होती. गावपळण म्हणजे काय थट्टा आहे? दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्ख्या गावानं घरं सोडायची. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं आणि तीन दिवस गाव देवाच्या हवाली करायचा. मागे माणूस राहता कामा नये, चूल पेटता कामा नये, दिवा दिसता कामा नये. एखादा शिकलासवरलेला विचारतो, हे कशासाठी? त्याला म्हातारे सांगतात, "आजो गेलो, बापूस गेलो, आमीव जातो. तुका येवचा नसात तर एकटो रव." आणि विचारणाराच सगळ्यांच्या आधी चटई काखेत मारून निघतो.

खरं सांगायचं तर लोकांना ही पळापळ मनापासून आवडते. पौषातली थंडी, डोक्यावर उघडं आभाळ, शाळेला सुट्टी आणि भांडायला नवे शेजारी, आणखी काय हवं? कोणी कोंबड्या टोपलीखाली कोंडत होतं, कोणाचं मांजर पिशवीतून ओरबाडत होतं, आणि वाडीतली सगळ्यात वडीलधारी नर्मदाआजी तर आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीसकट टेम्पोत जाऊन बसली होती. टेम्पो सुटायला अजून अवकाश होता. पण जागा गेली तर?

तिचा नवरा महादू अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकात उभा होता. त्याच्या खांद्यावर वाडीचा तांब्याचा टोप होता, लहान पोर आत बसवून आंघोळ घालावी एवढा मोठा. गावपळणीत खालच्या वाडीचा स्वयंपाक महादूकडे, हे त्याच्या बापापासून ठरलेलं.

"मथुरा, दिवो बंद कर गो," तो तिथूनच म्हणाला.

"तो इलो तर?"

महादूनं टोप या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "इलो तर आमी खंय आसो ता काय तेका ठावक नाय? गावचोच मा तो?"

तो म्हणजे प्रीतम, त्यांचा एकुलता एक मुलगा. मागची गावपळण झाली त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, तो समुद्रावर गेला आणि परत आला नाही.

प्रीतम काही मासेमारीतला नव्हता. किनाऱ्यावर सुरूच्या बनात तो तंबू लावायचा आणि पुण्या-मुंबईची डोंगर चढणारी, उघड्यावर झोपणारी पोरं तिथं येऊन राहायची. थंडीच्या दिवसांत त्याच्याकडे जागा मिळत नसे. शेकोटीवर एकच टोप ठेवायचा, त्यातच भात, कुळीथ, कंद, सगळं एकत्र शिजवायचं आणि त्यांना सांगायचं, "चार भांडी घासायची हौस असेल तर हॉटेलात जा." पोरं हसायची आणि टोप चाटूनपुसून खायची. हे सगळं तो बापाकडूनच शिकलेला, गावपळणीच्या चुलीवर. त्याच्या अनिश नावाच्या मित्राच्या ट्रॉलरवर एक माणूस कमी होता, म्हणून एका फेरीपुरता गेला. मध्येच वारं फिरलं. ट्रॉलर सापडला तो पार गोव्याच्या बाजूला, उलटा. अनिशचं प्रेत मिळालं, ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाचं मिळालं. प्रीतमचं मिळालं नाही.

आता किनाऱ्यावर एक बोलणं आहे, दर्या कोणाला ठेवून घेत नाही. जे नेतो ते आज ना उद्या कुठल्या ना कुठल्या वाळूवर आणून टाकतो. लोकांनी धीर द्यायला ते मथुरेला सांगितलं आणि तिनं ते घट्ट धरून ठेवलं. दर्या ठेवून घेत नाही, आणि प्रीतमला तर त्यानं परत दिलं नाही, म्हणजे प्रीतम दर्यात नाही. म्हणजे तो कुठंतरी आहे. मग कार्य नाही, दिवस नाही, काही नाही. सून शर्मिला गळ्यात मंगळसूत्र घालून होती तशीच. पडवीतला बल्ब रात्रभर जळायचा, आणि रोज रात्री त्याच्या नावाचं ताट वाढून चुलीमागं झाकून ठेवलेलं असायचं. सकाळी ते ताट शर्मिला खायची. अन्न टाकून कसं चालेल?

महादू मात्र अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागायचा. याचा मथुरेला इतका राग यायचा की कधी कधी वाटे, उठवून विचारावं, तुझा कोण लागत होता की नाही तो? "झाला ता झाला, मथुरा," एवढंच तो म्हणायचा. बापाचं काळीज दगडाचं असतं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ढोल दुसऱ्यांदा वाजला. मथुरा बटणापर्यंत गेली, हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"तूच कर गो," ती शर्मिलाला म्हणाली. "माझो हात होवचो नाय."

शर्मिलानं बटणाला हात लावला नाही. ती आत गेली आणि मेन स्विच खाली ओढला. बल्ब विझला. मथुरेनं दाराची किल्ली तुळशीच्या मागच्या कोनाड्यात ठेवली. प्रीतम लहानपणापासून ती तिथूनच घ्यायचा.

खाडीचा पूल ओलांडला की गावाची हद्द संपते. पलीकडच्या माळावर दुपारपर्यंत झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. खाडीवरून येणारं वारं अंगाला झोंबत होतं, माणसं कानटोप्या घालून फिरत होती, पोरं तर आत्तापासूनच शेकोटीसाठी काटक्या गोळा करायला लागली होती. मोठमोठ्यानं हाका चालल्या होत्या. महादूनं जांभ्याचे तीन चिरे मांडले, हलवून पाहिले, एकाखाली दगडाची चीप सारली आणि टोप चढवला.

पहिल्या संध्याकाळी गावपळणीत घरोघरच्या चुली पेटत नाहीत. वाडीचा एकच टोप, आणि त्यात मुठीचा भात. प्रत्येक घरानं माणशी एक मूठ उकडे तांदूळ आणायचे आणि ज्याचं नाव त्याची मूठ असं करून टोपात सोडायचे. चाकरमानी मुंबईला असले, बोटीवर असले, तरी त्यांची मूठ घरच्यांनी नाव घेऊन घालायची. तेव्हा वाडीतलं सगळ्यात जाणतं माणूस विचारतं, "खंय आसा?" आणि घरचे ठिकाण सांगतात. त्यांच्या वाटणीचा भात घरच्यांनीच खायचा. मेलेल्यांची मात्र मूठ नाही. त्यांना भात शिजल्यावर, कोणी तोंडात घास घालायच्या आधी, हद्दीच्या धोंड्याजवळ पान वाढायचं. मुठीत नाव पडलं तो जित्यांतला, पानावर नाव गेलं तो गेलेल्यांतला. सरकारदरबारी कागद काहीही म्हणो, आसपासच्या गावांत हे मानलं जातं. गाव करी ते राव काय करी!

शर्मिला आणि मथुरा खोपीच्या सावलीत कणगी सोलत बसल्या होत्या. हे बोटभर लांबीचे गोड कंद, सोलायला महाकिचकट.

"आई," शर्मिला म्हणाली, "माका एक सांगूचा आसा."

"सांग मा."

"मसुऱ्याचो कौस्तुभ आसा, थंयच्या शाळेत मास्तर. तेना माझ्या दादाक इचारल्यान. माका बायल करतलो म्हणता."

मथुरेच्या हातातली सुरी थांबली.

"मी होय म्हणूक नाय," शर्मिला खाली बघत भराभरा म्हणाली. "नाय पण म्हणूक नाय. तेची आवस म्हणता, आदी तुमच्या गावच्या मुठीत काय पडता ता बघूया. जित्याची बायल घरात हाडूची नाय म्हणता ती."

"बरोबर म्हणता," मथुरा म्हणाली. "तुझो घोव जितो आसा."

"तुमी म्हणतास तर आसा," शर्मिला म्हणाली आणि पुढचं कणगं उचललं.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी पोर आदळआपट करती, रडती, माहेरी निघून जाती, तर मथुरेला भांडता तरी आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं? मथुरेला ठाऊक नव्हतं का, की सत्ताविशीची पोर आहे, समोर अख्खं आयुष्य आहे? ठाऊक होतं. पण एक मूठ आवरायची म्हणजे आपल्याच हातानं मुलाला पाण्यात ढकलायचं, असं तिला वाटत होतं. कुठल्या आईचा हात तसा होईल?

ऊन कलायला लागलं तेव्हा महादूनं टोपात तेल सोडलं. लसूण ठेचून पडली, कांदा पडला, मसाला पडला तशी माळावरची कुत्रीसुद्धा उठून बसली. सकाळपासून भिजलेले आणि अर्धे शिजलेले कुळीथ त्यानं ओतले. मग कणगी, सुरण, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा. तिरफळं मात्र ठेचून अखेरीला. आधी टाकली तर कडवटतात, हे तो दर खेपेला सगळ्यांना बजावून सांगायचा. मागच्या खेपेला ढवळायची लांब दांड्याची दवली प्रीतमच्या हातात होती आणि बाप नुसता बाजूला बसून चुका काढत होता. यंदा दवली त्यानंच धरली होती आणि चुका काढायला कोणी नव्हतं.

पाणी उकळलं. घराघरांतून माणसं तांदळाची पुरचुंडी घेऊन टोपाभोवती जमली. नर्मदाआजीची खुर्ची टोपाजवळ मांडली गेली.

"बाळा," एकानं स्वतःचं नाव घेऊन मूठ सोडली, मग मुलाची. "सुशांत."

"खंय आसा?" आजीनं विचारलं.

"बोरिवलीक."

"स्वप्ना."

"खंय आसा?"

"दुबयत!" यावर कोणीतरी म्हणालं, दुबईवाल्यांची मूठ मोठी हवी, आणि लोक हसले.

मथुरेची पाळी आली. तिनं आपली मूठ सोडली. महादूनं दवली बगलेत धरून आपली सोडली. शर्मिलानं आपली सोडली. पुरचुंडीत अजून तांदूळ होते. सगळ्यांना ते दिसत होते. हसणं थांबलं. मथुरेनं हात घातला. प्रीतमची मूठ मोठी, तिच्या दोन मुठींची त्याची एक, म्हणून तिनं ओंजळच भरून घेतली.

"प्रीतम," ती म्हणाली.

आजीचं वय झालेलं. ती सवयीनं विचारून गेली, "खंय आसा?"

टोपातून वाफ येत होती. मथुरेचे हात भाजत होते.

"वाटेर आसा," ती म्हणाली आणि ओंजळ सोडली.

महादूनं दवली फिरवली आणि तांदूळ तळाशी गेले. शर्मिलानं मथुरेकडे पाहिलं नाही, रिकामी कळशी घेतली आणि विहिरीकडे गेली. पाणी हवं होतं असं नाही.

भात शिजला तेव्हा सूर्य सुरूच्या बनामागे उतरला होता आणि थंडी पायांतून वर चढत होती. महादूनं वर खोबऱ्याचा चव पसरला, कोकमाची सोलं टाकली, पहिल्या वाफेचा भात केळीच्या पानांवर काढला आणि गेल्या तीन वर्षांत वाडीतली जी माणसं गेली होती त्यांची पानं हद्दीच्या धोंड्याजवळ नेऊन ठेवली. ऐनाच्या झाडावर कावळे जमलेच होते. मग पंगत बसली. असा भात घरात कधी होत नाही. त्यात धूर असतो, थंडी असते, शेजाऱ्याच्या शेतातलं सुरण असतं आणि एवढी माणसं मांडीला मांडी लावून बसलेली असतात. पोरं बोटं चाटत होती.

महादूनं चौथं ताट वाढून मथुरेपुढं ठेवलं. प्रीतमच्या वाटणीचं. तिनं ते रोजच्या सवयीनं शर्मिलापुढं सरकवलं.

शर्मिलानंही सवयीनंच आपलं ताट बाजूला सारलं आणि ते पुढं ओढलं. रोज सकाळी असंच असायचं. आधी चुलीमागचं शिळं, त्याचं ताट संपवायचं आणि मग आपली भाकरी. ती खाली मान घालून खात होती, घास मोठे घेत होती, लवकर संपवायला. तिचं स्वतःचं ताट बाजूला पडलं होतं. आधी त्यातून वाफ येत होती. मग कमी आली. मग यायची थांबली.

मथुरा ते बघत होती. दोन-अडीच वर्षं तिनं त्या ताटाकडे रात्री पाहिलं होतं, झाकताना. सकाळी ते कोण खातंय, कसं खातंय, हे एकदाही पाहिलं नव्हतं. पलीकडे धोंड्याजवळ कावळे पानांवर उतरले होते, आणि इथं ही पोर बसली होती. दोघांच्याही पुढं तोच भात होता.

हे काय केलं मी? कावळ्याचा घास मी हिच्या तोंडात घालत आले. रोज. आणि हिचं स्वतःचं रोज निवत गेलं.

"ठेव ता," ती म्हणाली.

शर्मिलाचा घास हातातच राहिला. "काय झाला, आई?"

"ठेव म्हणतंय मी!"

तिनं ते ताट जवळजवळ हिसकावून घेतलं. उठताना तोल गेला, कोणीतरी हात द्यायला आलं, तिनं तो झटकला. धोंड्यापर्यंतची वाट लांब नव्हती, पण तिला ती सरेना. तिथं आणखी एक पान नव्हतं. तिनं तोच भात, जेवढा उरला होता तेवढा, नुसत्या मातीवर ओतला.

"प्रीतम," ती म्हणाली. "जेव रे, झिला."

आणि मग ती रडली. एवढ्या दिवसांचं रडणं कुठं दाबून ठेवलं होतं कोण जाणे. कावळे उडून ऐनावर गेले. पंगतीतलं कोणीही जागचं हललं नाही. अशा वेळी जवळ जायचं नसतं, एवढं वाडीला कळत होतं.

ती परत आली तेव्हा डोळे सुजले होते. शर्मिलाचं निवलेलं ताट तिनं आपल्या पुढं ओढलं. टोपाच्या तळाचा, निखाऱ्यांवर राहिलेला भात दुसऱ्या ताटात घेतला आणि सुनेपुढं ठेवला.

"ह्या तुझा," ती म्हणाली. "गरम आसा तवसर खा. आनि मसुऱ्याक सांग, मूठ मी परत घेतलंय."

पडलेली मूठ परत घेता येत नाही. तसा रिवाज नाही. सगळ्यांनी नर्मदाआजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "माका काय आयकाक येना नाय," आणि जेवू लागली. शर्मिलानं पहिला घास घेतला. तोंडात घास धरून ती हुंदके देत राहिली आणि मथुरा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

देवानं परत यायचा कौल दिला आणि गाव पूल ओलांडून घरी आला. दारांसमोर पाचोळा साठला होता. तिन्हीसांजेची वेळ. मथुरेनं तुळशीमागची किल्ली काढली. ती ठेवली होती तशीच होती. आत जाऊन शर्मिलानं मेन स्विच वर केला, तसा पडवीतला बल्ब लागला. बटण चालूच राहिलं होतं ना.

मथुरा बटणापाशी गेली. या खेपेला हात अडला नाही.

"रवांदे गो."

महादू पायरीवर बसला होता, पाठमोरा. टोप अजून खांद्यावरच होता, उतरवायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"आजची रात पेटत रवांदे," तो म्हणाला.

"तूच मा म्हणीत होतंस? झाला ता झाला?"

"म्हणीत होतंय." त्यानं गळ्यातला पंचा हातात घेतला. "तू वाट बघीत होतंस मथुरा, म्हणान माका झोप येत होती. माका वाटा, एक माणूस जागा आसा. आता कोण बघतलो?"

मथुरेनं हात खाली घेतला. इतकी वर्षं ती या माणसाच्या घोरण्यावर चिडत आली होती. तिनं त्याच्या खांद्यावरचा टोप उतरवला, खाली ठेवला आणि त्याच्याजवळ बसली.

आत शर्मिलानं चूल पेटवली. धुराचा वास पडवीत आला. मग तिचा आवाज आला.

"आई, तांदूळ कितक्यांचे घेव?"

मथुरा महादूकडे बघत राहिली.

"तिगांचे," महादू म्हणाला, आणि पंच्यात तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागला.